अभंग पाठवलेस, नाममुद्रा गाळलीस

(पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

ताई,

मी अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीकाठच्या एका गावात राहतो. वय सतरा, बारावी सायन्स. घरात तीन पिढ्यांची माळ आहे. आजोबा दिंडीत विणेकरी होते. मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो.

गेल्या वर्षी सप्ताहात आमच्याच कॉलेजची एक मुलगी गौळण म्हणायला उभी राहिली. तिचा आवाज ऐकून माझा ठेका सुटला. माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं. तेव्हापासून ती मला साक्षात रखुमाई वाटते. मी तिच्याशी समोर जवळजवळ बोललेलोच नाही आणि बोलायची इच्छाही नाही, कारण माझं प्रेम तसलं नाही. मला तिच्याकडून काहीच नको. तिला मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेत यश मिळावं म्हणून मी 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण करतो. एकादशीशिवाय सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपास धरतो. इन्स्टाग्रामवर एका स्त्रीभक्ताच्या नावाने खातं काढलं, त्याला विठ्ठलाचा फोटो लावला, आणि रोज पहाटे तिला एक अभंग पाठवतो. तिला वाटतं मी कुणी मोठी ताई आहे. आता ती मनातलं सगळं मला सांगते. आमचं आत्म्याचं नातं आहे असं मला वाटायचं.

पण दिवाळीनंतर मला स्वप्नं पडू लागली. त्यात ती असते. जाग येते तेव्हा माझी मलाच किळस येते. जिला रखुमाई म्हणतो तिच्याविषयी असं! 'पराविया नारी रखुमाईसमान' हा अभंग मी लहानपणापासून म्हणतो, आता तो तोंडातून निघत नाही. माळ काढून देवघरात ठेवली आहे. हात दुखतो असं सांगून हरिपाठाला जाणं बंद केलं. उपास वाढवले तरी मन हटत नाही. कधीकधी वाटतं, हे शरीरच नको.

माझं प्रेम पवित्र आहे, की मी ढोंगी आहे?

– एक अपराधी माळकरी

*

प्रिय मुला,

तुझा प्रश्न जरा बाजूला ठेवते. आधी ते एक वाक्य: 'हे शरीरच नको.' ते तू पत्राच्या शेवटी, घाईघाईत लिहिलं आहेस. तो नुसता वैताग आहे की जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार, हे मला इथे बसून कळत नाही. म्हणून सरळ विचारते. मरावंसं वाटतं का? एकदा जरी वाटलं असेल, तरी पुढचं वाचायच्या आधी १४४१६ या नंबरावर फोन कर. ही सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीबेरात्री कुणीतरी फोन उचलतं, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला आजच सांग. कारण सांगायला जमलं नाही तरी चालेल. 'मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ बस' एवढं म्हटलंस तरी पुरे.

तसं काही नसेल तरी ते जास्तीचे उपास आजपासून बंद कर. एकादशी आहे, ती पुरे. सतराव्या वर्षी, बारावीचा अभ्यास डोक्यावर असताना आठवड्यातून तीन-तीन दिवस पोट रिकामं ठेवलंस तर चिडचिड वाढेल, झोप बिघडेल आणि मन जास्तच सैरभैर होईल. हे उपास तू तिच्या यशासाठी धरले होतेस, आता शरीराला शिक्षा म्हणून धरतोस. ज्या परंपरेत एकनाथ महाराज 'काया ही पंढरी' म्हणून गेले, त्या परंपरेतल्या पोराने कायेचा असा सूड घ्यावा, हे मला पटत नाही.

आता स्वप्नांचं.

या वयात शरीरात जे बदल होतात ते झोपेतही चालू असतात. स्वप्नात काय दिसावं यावर कुणाचाच ताबा नसतो. दिवसभर जिचा विचार केला ती स्वप्नात येणार, आणि सतरा वर्षांचं शरीर त्याला आपल्या पद्धतीने प्रतिसाद देणार. त्यात रोग नाही, अशक्तपणा नाही, तेज वगैरे जात नाही. पाप तर नाहीच. महाराष्ट्रात हे छापून सांगायला लोकांना फार किंमत मोजावी लागली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि त्यात ते वाचकांच्या अशाच प्रश्नांना, जे कुणी कुणाला विचारू धजत नसे, सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. तू आज विचारतोस तो प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीची पोरंही विचारत होती, आणि त्यांनाही वाटायचं की जगात इतका वाईट आपण एकटेच.

तू अभंगाचा दाखला दिला आहेस, तेव्हा त्याचाच विचार करू. 'पराविया नारी रखुमाईसमान' म्हणणारे तुकोबा संसारी गृहस्थ होते. दोन लग्नं झालेली, घरात लेकरं. पुढच्याच ओळीत ते 'जाई वो तू माते' म्हणतात, म्हणजे समोर उभ्या असलेल्या कुणा स्त्रीला ते परत पाठवत आहेत. जाणत्या माणसाने आपल्या वागण्याविषयी केलेला तो निश्चय आहे. झोपेत काय दिसलं याचा हिशेब त्यात कुठेच नाही. आणि याच तुकोबांचा दुसरा अभंग तुझ्या पाठात असणार: 'माझे मज कळो येती अवगुण । काय करू मन अनावर'. त्यातच पुढे आहे, 'इंद्रियां अधीन झालो देवा'. बघ, ते हे कुणाला सांगतात? विठ्ठलाला. मन आवरत नाही म्हणून त्यांनी माळ काढली नाही, टाळ खाली ठेवला नाही, कीर्तनाला जायचं टाळलं नाही. मन आवरत नाही हेच त्यांनी देवापुढे मांडलं, आणि ते इतकं उघड मांडलं की साडेतीनशेहून जास्त वर्षं लोक ते टाळ-मृदंगावर गात आहेत. तू मात्र मनात इच्छा आली म्हणून देवासमोरून उठून गेलास. तुझी माळ देवघरात आहे आणि तू बाहेर.

शिवाय वारकरी पंथ संन्याशांचा नाही. नामदेवांची राजाई, एकनाथांची गिरिजा, तुकोबांची जिजाई, ही नावं तुला माहीत आहेत. ज्ञानेश्वरांचे वडील संन्यास घेऊन गेले होते ते गुरूच्या सांगण्यावरून संसारात परतले, आणि त्यानंतरच ही चार भावंडं जन्मली. त्यापायी त्या घराने काय सोसलं ते तू कीर्तनात ऐकलं आहेस. स्त्रीपुरुषाच्या ओढीला इथे बंदी असती तर हा पंथ उभाच राहिला नसता.

तेव्हा स्वप्नांबद्दल तुझा काही गुन्हा नाही. तो विषय माझ्यापुरता इथे संपला.

पण पत्रात दुसरं एक आहे. त्याबद्दल तू एका शब्दाने अपराधी वाटून घेतलेलं नाहीस, आणि मला काळजी आहे ती त्याचीच. ते इन्स्टाग्रामचं खातं.

तू लिहितोस, मला तिच्याकडून काहीच नको. हे तू मनापासून लिहिलं आहेस, यात मला शंका नाही. पण जरा तुझी कृती बघ. तिच्या परीक्षेसाठी पारायण करायचं तर तुझ्या घरात ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, हरिपाठ तर तोंडपाठ आहे. तू निवडलंस ते 'रुक्मिणी स्वयंवर'. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पुरं केलेला अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ आपल्याकडे घरोघरी कशासाठी वाचतात, ते विदर्भातल्या पोराला मी सांगायला नको. मनाजोगं लग्न जमावं म्हणून वाचतात. 'नीट'ची परीक्षा पास व्हावी म्हणून हे पारायण केल्याचं मी कधी ऐकलं नाही. तुझी इच्छा तुझ्या हाताने बरोबर पोथी काढत होती. स्वतःशी मात्र तू म्हणत होतास, हे निष्काम आहे.

ही इच्छा असण्यात काही चूक नाही, हे पुन्हा सांगते. तुला ती आवडते. तिचा आवाज आवडतो, ती आवडते, तिच्याजवळ असावंसं वाटतं. इतकी साधी गोष्ट कबूल करायला तुला भीती वाटली, म्हणून तू तिला देवीच्या जागी नेऊन बसवलंस. देवीवर प्रेम करायला तिची परवानगी लागत नाही. तिच्याशी बोलावं लागत नाही. ती नाही म्हणेल ही भीती नाही. देवीकडे तासन्‌तास बघत बसलं तर लोक त्याला भक्ती म्हणतात. पण ती मुलगी आहे. तिलाही उद्याच्या पेपरची धास्ती असेल, केस विंचरायचा कंटाळा येत असेल, वर्गातलं कुणी तिलाही आवडत असेल. यातलं काही तू तिला तुझ्यासमोर असू दिलं नाहीस.

आणि रखुमाईच म्हणायची, तर निदान ती रखुमाई कशी होती ते तरी बघ. तुझ्या गावाजवळच कौंडिण्यपूर आहे. तिचं माहेर तेच मानतात, तिथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. भागवताच्या दशम स्कंधातली कथा तू अनेकदा ऐकली असशील. भावाने, रुक्मीने, तिला न विचारता तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. मग ही मुलगी गप्प बसली नाही. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठवलं. मी तुम्हाला वरलं आहे, अमुक वेळी देवीच्या दर्शनाला येणार आहे, तेव्हा या, असं सगळं स्वतः कळवलं. अमरावतीच्या अंबादेवीशी लोक ती जागा जोडतात. आपल्या नावाने, आपल्या इच्छेने लिहिलेलं ते पत्र आहे. पुढे पंढरपूरची कथा तर याहून पुढची. ती रुसली आणि निघून दिंडीरवनात गेली, देवाला तिच्या मागे यावं लागलं. अजूनही ती विठ्ठलाशेजारी उभी नाही, तिचं देऊळ वेगळं आहे.

या कथेत तिला न विचारता तिच्याविषयी ठरवतो तो रुक्मी. तू कृष्णाची पोथी वाचलीस आणि वागलास रुक्मीसारखा. तिला कुणाशी बोलायला आवडेल, तिने मनातलं कुणाला सांगावं, हे तिच्या वतीने तूच ठरवून टाकलंस. लागेल असं लिहिते आहे, पण तुला हे कळेल अशी खात्री आहे म्हणूनच.

तू म्हणशील, संतांनीही स्त्रीचा आवाज घेतला. खरं आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आहेत, एकनाथांच्या गौळणी आहेत. सप्ताहात तिने म्हटलेली गौळणही कदाचित त्यांच्यातलीच असेल. सखीच्या, राधेच्या, गोपीच्या तोंडून केवढी तळमळ त्यांनी मांडली आहे. 'घनु वाजे घुणघुणा' नीट ऐक. चंदन, चांदणं, फुलांची शेज, सगळं अंगाला पोळतं म्हणणारी ती विरहिणी आहे. देह वगळून लिहिलेलं ते गाणं नाही. मराठीत भक्ती आणि ओढ एकमेकींना कधी परक्या नव्हत्या. पण प्रत्येक रचनेच्या शेवटी काय येतं? 'बाप रखुमादेवीवरु'. 'एका जनार्दनी'. बाईचा आवाज घेतला तरी खाली आपली नाममुद्रा. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे कोण बोलतं आहे. पुरुष आहे, अमक्याचा शिष्य आहे, आणि त्याने ही भूमिका देवापुढे घेतली आहे.

तूही बाईचा आवाज घेतलास. नाममुद्रा तेवढी गाळलीस. आणि समोर देव नव्हता, तुझ्याच कॉलेजातली एक मुलगी होती.

तिने त्या 'ताई'ला जे लिहिलं, ते तू मला जसंच्या तसं कॉपी करून पाठवलं आहेस. आत्म्याच्या नात्याचा पुरावा म्हणून. ते मी इथे छापलेलं नाही, कारण ते तिचं आहे. घरातल्या गोष्टी, तिच्या भीती, एका मुलीने दुसऱ्या मोठ्या बाईला विश्वासाने सांगाव्यात तशा तिने सांगितल्या आहेत. मी वाचत होते तेव्हा मला एकच दिसत होतं, की ही मुलगी एकटी पडली आहे आणि तिला खरोखरच एखादी ताई हवी आहे. तिने तो विश्वास त्या ताईला दिला होता. तो तुझ्यापर्यंत पोचला तो फसवून. एका सतरा वर्षांच्या मुलाला हे वाचायला मिळणार आहे असं तिला माहीत असतं, तर यातली एक ओळही तिने लिहिली नसती.

नारदभक्तिसूत्रं तुमच्याकडे कीर्तनात येतातच. भक्तीचा नमुना म्हणून नारद व्रजातल्या गोपींकडे बोट दाखवतात, आणि लगेच सांगतात की खरं प्रेम आणि जारप्रेम, म्हणजे चोरट्या संबंधातलं प्रेम, यांत फरक काय. तो फरक त्यांनी देहावर ठेवलेला नाही. चोविसाव्या सूत्रात ते म्हणतात, 'नास्त्येव तस्मिंस्तत्सुखसुखित्वम्'. जाराच्या प्रेमात समोरच्याच्या सुखाने सुखी होणं नसतं. मला विचारशील तर पवित्र की ढोंगी या तुझ्या प्रश्नाला हेच माप लाव. रोज पहाटे अभंग पाठवताना सुख कुणाला होत होतं? तिचा रिप्लाय आला की कुणाचा दिवस उजळत होता? तिला खरं कळलं तर ती सुखी होईल का? याचं उत्तर तुला ठाऊक आहे. म्हणूनच खरं नाव तू इतके दिवस सांगितलं नाहीस.

ढोंगी म्हणशील तर नाही, मी तुला ढोंगी म्हणणार नाही. ढोंगी माणूस दुसऱ्याला फसवतो आणि स्वतःला ठाऊक असतं. तू आधी स्वतःला फसवलंस आणि मग तिला. पण तिचं जे झालं ते त्याने कमी होत नाही.

आता काय करायचं ते लिहिते.

आज रात्रीपासून त्या खात्यावरून अभंग पाठवणं बंद. तिने आपणहून काही लिहिलं तर ताई बनून उत्तर देऊ नकोस, एक शब्दही नाही. फोनमध्ये तिचे कीर्तनातले फोटो, व्हिडिओतून कापलेले तुकडे असतील तर काढून टाक. तिच्या संदेशांच्या ज्या प्रती तू ठेवल्या असशील त्याही. मला आलेली प्रत मी पुसली आहे. मग एकदा, एकाच संदेशात, तिला खरं सांग. हे टाळून गुपचूप खातं बंद करावं असं तुला वाटेल. तसं करू नकोस. जिच्याशी मन मोकळं केलं ती ताई एकाएकी नाहीशी झाली, तर ती मुलगी आपलंच काही चुकलं म्हणून झुरत बसेल. पुढे कधीतरी दुसऱ्याकडून कळलं तर आणखी वाईट. तिची मोठी परीक्षा अगदी तोंडावर असेल तेवढे दिवस थांब, पण मधल्या काळात नवं काही ऐकून घेऊ नकोस. 'काही दिवस बोलता येणार नाही' एवढंच कळव.

संदेश साधारण असा असू दे. तुझ्या शब्दांत लिही, पण यातलं काही गाळू नकोस:

'या खात्यावरून तुला लिहिणारी कुणी ताई नाही. मी आपल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा अमुक. खोट्या नावाने तुझ्याशी बोललो आणि तू विश्वासाने लिहिलेलं वाचत राहिलो, हे चुकलं. तू लिहिलेलं मी एका सल्ल्याच्या सदराला पाठवलं होतं, ते छापलं जाणार नाही, आणि आता माझ्याकडे त्याची प्रत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणार नाही. तुला राग आला, कुणाला सांगावंसं वाटलं, तर तो तुझा हक्क आहे. उत्तर द्यायला हवंच असं नाही. मला माफ कर.'

यात प्रेमाचा उल्लेख नको. 'पण माझा हेतू शुद्ध होता' हेही नको, कारण मग माफीच्या आड पुन्हा मागणी येते. संदेश गेल्यावर आठवडाभर खातं उघडं ठेव, म्हणजे तिला काही बोलायचं असेल तर बोलता येईल. मग बंद कर. दुसरं काढू नकोस. मैत्रिणींमार्फत निरोप नकोत, कॉलेजच्या गेटवर थांबणं नको. मुलीच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाखाली पाठलागाचा गुन्हा होऊ शकतो. तुम्ही दोघं अठराच्या आतले आहात, आणि त्या वयातल्या मुलामुलींच्या संबंधात 'तिची संमती होती' हे पॉक्सो कायदा ऐकून घेत नाही. घाबरवायला सांगत नाही, पण गावात यातलं कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

ती चिडेल. तुला ब्लॉक करेल. कदाचित घरी सांगेल आणि तिचा भाऊ तुझ्या दारात येईल. म्हणून संदेश पाठवायच्या आधी तुझ्या बाजूच्या एका मोठ्या माणसाला हे माहीत असायला हवं. मला वाटतं, आईला सांग. हात दुखतो ही थाप तिने खरी मानली असेल असं तुला वाटतं, मला तितकीशी खात्री नाही. घरी नाहीच जमलं, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक असतं, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. तिथे समुपदेशक भेटतात, स्वप्नांबद्दलही मोकळं विचारता येतं. कुणालाही सांगताना तू काय केलंस तेवढंच सांग. तिने काय लिहिलं होतं ते नको.

माळेचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. ज्यांच्या हातून घातली होतीस त्या महाराजांकडे जा आणि 'मी काढली होती, पुन्हा घालायची आहे' असं सांग. कारण विचारलं तर मन आवरत नाही असं म्हण. त्यांना असं सांगणारा तू काही पहिला नसशील. आणि पखवाजाकडे परत जा. मात्र काही दिवस, ती गाणार असेल त्या भजनाला दुसऱ्या कुणाला पखवाज दे. खरं कळल्यावर तिने तुझ्या ठेक्यावर गायला उभं राहावं, अशी अपेक्षा तू करू शकत नाहीस. ते देऊळ तिचंही आहे. तुझ्यामुळे तिचं गाणं सुटता कामा नये. दोघांपैकी कुणी मागे सरायचं असेल, तर तू.

पुढे कधी, वर्षा-दोन वर्षांनी, ती आपणहून बोलली तर साधं बोल. कुठे शिकतेस, काय गातेस, ते विचार आणि ती सांगेल ते ऐक. ती बोललीच नाही, तर तेही तिचं उत्तर आहे. तेव्हा फार दुखेल. ते दुःख खरं असेल, त्याला लहान वयाचं वेड म्हणून कुणी हसलं तर त्यांचं ऐकू नकोस.

तू पत्राखाली विचारलं आहेस, हे छापलं तर ती ओळखेल का. गाव, वर्ग, सप्ताहाच्या खुणा मी बदलल्या आहेत, पण जिच्याबरोबर हे घडलं ती ओळखू शकते. म्हणून हे उत्तर तुला आधीच मेलवर पाठवते आहे. तू तिला सांगितलंस असं मला कळवशील, त्यानंतरच्याच अंकात हे छापायला देईन. तिने हे पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकायला हवं, सदरात वाचून नव्हे.

– तुझी ताई